मॅडमनी मांडी घातली

४ फेब्रुवारी

घरात सगळ्यांनी मिळून माझ्या तोंडावर पहारा बसवला आहे. चहा बिनसाखरेचा, बिस्किटांचा डबा यांच्या कपाटात. सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, तिथे गिऱ्हाइकाचा नंबर काढावा तशी ती माझ्या ताटाकडे डोळे बारीक करून बघते. मुलगा जहाजावर असतो, तर तिथूनही फोनवर तेच. म्हणून ही डायरी. इथे मला मध्येच कुणी अडवणार नाही.

मधुमेहाच्या गोळ्या मी बंद केल्यात, हे फक्त इथे लिहिते. थंडी सुरू झाली तेव्हाच केल्या. गोळी घेतली की पोटात गडबड होते. मी बायकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ बाई भर चौकात गाडी बंद पाडून रडत असताना मॅडमनी ‘आलेच हं’ म्हणून स्वच्छतागृह शोधत फिरायचं का? डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी इंजेक्शनचं नाव काढलं. त्या दिवसापासून मी त्यांची पायरी चढले नाही. आणि माझं काय वाकडं झालं? उलट वजन उतरलं, कपडे सैल झाले. तहान तेवढी फार लागते. पाणी जास्त जातं म्हणून हल्ली तसंही सारखं उठावं लागतं, पण ते पाण्यामुळे, ती गोष्ट वेगळी.

न्हाणीघरात मुंग्या झाल्यात. सूनबाईने मधाचा साबण आणलाय, त्याचे हे प्रताप.

८ फेब्रुवारी

सूनबाईने आज पुन्हा रक्त तपासायचा विषय काढला. मी म्हटलं, तू डोळे तपास, माझं रक्त माझ्याकडे राहू दे. ती उठून आत गेली. जरा जास्तच बोलले बहुतेक, पण एकदाचा विषय मिटला.

११ फेब्रुवारी

सूर्य कुठे उगवला कोण जाणे. सूनबाई आपणहून म्हणाली, “आई, मला गाडी शिकवाल? दुकान उघडायच्या आधी, रोज सकाळी.”

लग्न होऊन आली तेव्हापासून मी मागे लागले होते आणि ही टाळत होती. सगळ्या गावातल्या बायकांना मी स्टिअरिंग धरायला लावलं आणि माझी सून बसथांब्यावर उभी. लोक काय म्हणत असतील याची मला लाज वाटायची. आज तिला माझी किंमत कळली. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “दोघी एका गाडीत? मी विमा काढून ठेवतो.” यांना पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून विनोद सुचायला लागलेत. स्वतः कधी गाडीला हात लावला नाही, पुढच्या सीटवर बसले तरी यांना मळमळतं.

१४ फेब्रुवारी

सूनबाईचा पहिला धडा. माझ्या शिकवण्याची पद्धत तिला नीट समजावून सांगितली. गाडी एकच, पण माझ्या बाजूला जादा ब्रेक आहे. मी डावीकडच्या सीटवर तिरकी बसते, तोंड शिकणारीकडे, आणि डावा पाय कायम त्या ब्रेकवर. बाया माघारी मला ब्रेकबाई म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणोत. माझ्या गाडीला आजवर ओरखडा नाही.

आणि ज्या दिवशी मला खात्री पटते, त्या दिवशी मी काही बोलत नाही. चप्पल काढते आणि चालत्या गाडीत सीटवर मांडी घालते. म्हणजे ब्रेक माझ्या पायापासून लांब, आता बाई तू आणि रस्ता. कुणाला ती तीन आठवड्यांत मिळते, कुणाला तीन महिन्यांत. लायसनच्या ऑफिसातला साहेब पास करतो ते नंतरचं. बाया एकमेकींना विचारतात, “मॅडमनी मांडी घातली का?” एकीने तर मी मांडी घातली त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटतात तशी चॉकलेटं वाटली.

सूनबाईने गाडी दोनदा बंद पाडली. पण चावी फिरवायच्या आधी न सांगता गिअर काढला, दार उघडायच्या आधी आरशात पाहिलं. घरात माझं बोलणं कानावर पडतं, त्याचा परिणाम. मी यांना तसं सांगितलंही. सूनबाई भाजी चिरत होती, ती खाली मान घालून हसली.

१९ फेब्रुवारी

डाव्या हाताला काय झालंय कळत नाही. काल दुपारी जेवताना बोटं आपोआप वळवळली. मला वाटलं नस दबली असेल. संध्याकाळपर्यंत मनगट फिरायला लागलं. आज सकाळी तर अख्खा हात खांद्यापासून उडाला आणि चहाचा कप यांच्या पेपरावर. हे म्हणाले, “माझ्यावर राग आहे का?” मी म्हटलं, आहेच. तेवढ्यावर निभावलं.

औषधाच्या दुकानातून मलम आणलं. हात उडाला की मी तो तसाच वर नेऊन केस सारखे करते. कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसभर केस सारखे करून करून भांग मात्र पार बिघडलाय.

२१ फेब्रुवारी

आता पायही.

फुलवाली शिकायला येते. बाजारात तिचं फुलांचं दुकान आहे. माल पोचवायची व्हॅन नवरा चालवायचा, तो सोडून गेला, व्हॅन राहिली. ती व्हॅन स्वतः चालवायचीच अशी तिची जिद्द आहे. पण बाई इतकी भित्री की कबुतर आडवं आलं तरी डोळे मिटते. आज रस्ता मोकळा, गाडी छान चालली होती, आणि माझा पाय एकाएकी ब्रेकवर आपटला. गाडी जागच्या जागी थांबली. फुलवाली म्हणाली, “सॉरी मॅडम. काय चुकलं?”

मी काय सांगणार? म्हटलं, आरसा नाही पाहिला. तिने पुन्हा सॉरी म्हटलं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. म्हटलं, वेग बघ. तिसऱ्या वेळी कारण सुचेना, तर म्हटलं, तुझी परीक्षा घेत होते, दचकतेस का ते बघायला. तिचे डोळे भरून आले. बिचारीचं काहीच चुकलं नव्हतं.

तेवढ्यात हात खिडकीबाहेर गेला. मागच्या टेम्पोला वाटलं आम्ही कडेला घेतोय, तो कचकन वळून पुढे गेला. फुटपाथवरच्या एका गृहस्थांनी मला उलट हात केला. मीही हसून मान हलवली, काय करणार.

२२ फेब्रुवारी

सकाळी सूनबाईच्या धड्यातही पाय ब्रेकवर गेला. ही मात्र सॉरी म्हणाली नाही. गाडी शांतपणे कडेला घेतली आणि माझ्या पायाकडे बघत राहिली. मी म्हटलं, शिकाऊ माणसाने रस्त्याकडे बघायचं. ती म्हणाली, “आई, हे कधीपासून होतंय?” मी म्हटलं, तू आरसा पाहिला नाहीस तेव्हापासून. ती म्हणाली, पाहिला होता. पाहिला होता हे मलाही माहीत होतं.

संध्याकाळी यांचं आणि सूनबाईचं स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजणं चाललं होतं. मी गेल्यावर कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागले. उद्या डॉक्टरकडे चल म्हणतात. मी नाही म्हटलं. डॉक्टर काय करणार ते मला माहीत आहे. क्लास बंद करा म्हणणार. माझ्या सीटवरून मला उठवणार. ती सीट मी यांच्या नोकरीच्या जिवावर मिळवलेली नाही, माहेरच्या जिवावरही नाही. मेले तरी उठणार नाही. एवढ्याशा हातापायाने मला घरी बसवायचं म्हणजे हद्द झाली.

२३ फेब्रुवारी

तोड काढली. पाय ऐकत नाही ना, मग त्याला बसवून टाकायचा. फुलवालीच्या धड्याला निघालो आणि मी चप्पल काढून डावा पाय उजव्या मांडीखाली घट्ट दाबून बसले. वळवळला आत, पण सुटला नाही. हात पर्सच्या पट्ट्यात अडकवला. सगळा तास एकदाही ब्रेक लागला नाही. गाडी कशी लोण्यासारखी चालली. फुलवालीचा चेहरा नुसता उजळला होता. उतरताना तिने माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि निघून गेली. अशी गोड बाई.

म्हटलं ना, तोड निघते. फक्त सोडायची तयारी नको.

२५ फेब्रुवारी, इस्पितळातून

उजव्या हाताने लिहितेय. डाव्याला सलाईन लावलीय आणि तो उडू नये म्हणून परिचारिकेने उशीला बांधलाय.

काल सकाळी फोन आला. फुलवालीने एकटीने व्हॅन बाहेर काढली. पहिल्या चढावर घाबरली, व्हॅन मागे घरंगळली ती बसथांब्यावर. थांब्याचं बाकडं मोडलं. एक आजोबा नुकतेच बस आली म्हणून त्यावरून उठले होते. फुलवालीच्या कपाळाला टाके. फोनवर तिची बहीण होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती सरळ म्हणाली, “मॅडम, तुम्ही मांडी घातलीत म्हणून तिला वाटलं आता येतं.”

मी उभी होते ती खाली बसले. मला माझ्या पायाचं पडलं होतं. समोर स्टिअरिंगवर बसलेली बाई काय बघतेय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढी वर्षं ज्या मांडीवर बायांनी विश्वास टाकला, ती मी पाय लपवायला वापरली.

मी किल्ली घेतली आणि निघाले. फुलवालीला बघायला जायचं होतं, तेही स्वतः गाडी चालवत. हात इतका उडत होता की किल्ली दाराला लागेना. सूनबाईने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्टिअरिंगवर बसली. मी म्हटलं, तुझे अजून धडे व्हायचेत. ती म्हणाली, धडाच समजा.

मी डावीकडे बसले. बाजाराच्या कोपऱ्यावर माझा पाय ब्रेकवर आपटला, मागून सगळे भोंगे. ती म्हणाली, “आई, पाय वर घ्या. मांडी घाला.”

“मांडी कधी घालायची ते मी ठरवते.”

“मला गाडी येते, आई. माझ्याकडे लायसन आहे, मागच्या वर्षीपासून.”

मला वाटलं भोंग्यांच्या गोंगाटात मला भलतंच ऐकू आलं. तिने पुन्हा सांगितलं. कुठे शिकलीस, म्हटलं. कोपऱ्यावरच्या क्लासमध्ये, म्हणाली. त्या क्षणी, हात खिडकीवर आपटतोय, पाय ब्रेक मारतोय, तिकडे फुलवालीला टाके पडताहेत, आणि मला काय लागलं असेल तर ते कोपऱ्यावरच्या क्लासचं. तिथला माणूस आरशात न बघता गाडी मागे घ्यायला शिकवतो.

“मग माझ्याकडे कशाला बसलीस शिकायला?”

तिने गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं. “गाडीत तुमच्याबरोबर कुणीतरी असायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्या कारणाने तुम्ही बसू दिलं असतं का? मुंग्या साबणाला लागत नव्हत्या, आई, साखरेला लागत होत्या.”

मग ती उतरली, माझं दार उघडलं आणि मला मागच्या सीटवर बसवलं. माझ्या गाडीत मला मागे. मी बसले. तिने गर्दीतून गाडी अशी काढली की मला चूक सापडेना, आणि मी शोधत होते. इस्पितळाच्या दारात अरुंद जागेत एका दमात मागे घेतली. फुलवालीकडे नेते म्हणाली होती, नेलंही. पण अपघात विभागातून नेलं, आणि तिथे माझंच बोट टोचलं. यंत्रात आकडा उमटलाच नाही. परिचारिका म्हणाली, साखर यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे.

२७ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरीणबाई आज निवांत बसून बोलल्या. डोक्याचा फोटो काढला होता. त्या म्हणाल्या, साखर फार दिवस फार चढली की क्वचित असं होतं, आणि जास्त करून माझ्या वयाच्या बायकांना. मेंदूच्या आत हालचालींना आवर घालणारी एक जागा असते, ती बिघडते. उजवीकडची बिघडली की डावा हात-पाय उडतो. फोटोत ती जागा पांढरी दिसते, मला दाखवली. वाताचा झटका नाही, वेड नाही, रागही नाही.

हे कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. म्हणाले, “म्हणजे ब्रेकबाईचा ब्रेक गेला.” डॉक्टरीणबाई हसू दाबत होत्या. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी विचारलं, दुरुस्त होतो का? त्या म्हणाल्या, साखर खाली आणली की बहुतेकांचा होतो. कुणाचा दिवसांत, कुणाचा महिन्यांत. थोडं कुणाकुणाचं राहतं. इन्सुलिन घ्यावं लागेल. मी म्हटलं घेते, पण सुई मी टोचणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या, तसंच हवं. मी भांडायच्या तयारीत होते, भांडणच झालं नाही.

गोळ्या कधी सोडल्या ते विचारलं, तेही सांगितलं. पोटाची गडबड सांगितली तर म्हणाल्या, दुसरी गोळी देता आली असती, एकदा येऊन सांगायचं. एवढंच. मला वाटलं होतं ओरडतील.

यांनी नंतर एक गोष्ट सांगितली. “तू झोपलीस की तोही झोपतो. हात. मी बसून बघत असतो.” किती वेळ बसले होते ते सांगितलं नाही. डोळे लाल होते.

१४ मार्च

घरी. पाय बराच शांत, हात अजून मनाला येईल तेव्हा जातो. हालचालींसाठी दिलेल्या गोळीने झोप येते, जीभ जड होते, म्हणून घरातले खूश आहेत. काचेचे कप माळ्यावर गेले, मला स्टीलचा पेला. तो आतापर्यंत भिंतीला, फ्रिजला आणि एकदा यांना लागलाय. पेल्याला पोचे आलेत, मला नाही.

हाताला मी कामाला लावलंय. सकाळी मटार सोलणे, दुपारी कपड्यांच्या घड्या. तो उडतो, मटार पंख्यापर्यंत जातात, मी पुन्हा पाटी पुढ्यात ओढते. त्याला वाटत असेल मी कंटाळेन. माझ्यासमोर बायांनी एकेका वळणावर महिना महिना काढलाय, मी कधी कंटाळले नाही.

सुई पोटाला टोचते. पहिल्या दिवशी डोळे मिटले. मग फुलवालीचं कबुतर आठवलं आणि उघडे ठेवले.

२९ मार्च

आज यांनी पाठीमागून वार केला. खरं तर समोरच्या अंगणातच केला, मी दुपारी झोपते त्या वेळात. जाग आली तर अंगणात अनोळखी माणूस गाडीभोवती फिरतोय, टायरला लाथ मारून बघतोय. यांनी आणि जहाजावरच्या चिरंजीवांनी मिळून गाडी विकायचं ठरवलं होतं. यांना वाटलं, डोळ्यांसमोर गाडी राहिली तर मी एक दिवस किल्ली घेऊन निघेन. वाटलं ते चुकीचं नव्हतं.

मी काठी घेऊन बाहेर गेले, माझं दार उघडलं, माझ्या सीटवर बसले. तो माणूस म्हणाला, काकू, मला जरा आतून बघायचीय. मी म्हटलं, बघा, मी आतच आहे. विकायची तर माझ्यासकट विकली जाईल. डावा गुडघा अधूनमधून डॅशबोर्डवर थाप मारत होता. त्या माणसाने गुडघ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि नंतर फोन करतो म्हणून गेला.

मग हे मागच्या सीटवर येऊन बसले. अंधारून येईपर्यंत आम्ही उभ्या गाडीत बसलो. मी त्यांना सांगितलं की मला भीती वाटते. हाताची नाही. कामावरून उठले तर मी कोण उरणार, त्याची. इतक्या वर्षांत हे मी यांना पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी मागून हात पुढे करून माझी काठी नीट टेकवून ठेवली. मग म्हणाले, “गाडी राहू दे. पण काच खाली कर, मला मळमळतंय.”

१६ एप्रिल

फुलवाली आली होती. कपाळावर खूण राहिलीय, केस पुढे ओढून झाकते. तिने माझी तब्येत विचारली, दुकानाचं सांगितलं. बाकडं तिने नवीन करून दिलं. व्हॅन शेडमध्ये पडून आहे. तिच्या बोलण्यात माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही, त्यामुळे मला बसवेना.

मी सांगून टाकलं. ब्रेक लागायचा ते माझ्या पायामुळे, तुझं एकदाही चुकलं नव्हतं. आणि ती मांडी खरी नव्हती, पाय दाबायला घातली होती. मला माफ कर.

तिने हातातला पेला खाली ठेवला. मला वाटलं आता उठून जाईल, जायलाच हवं होतं. मग म्हणाली, “मग खरी कधी घालणार?”

२१ मे

डॉक्टरीणबाईंनी हात-पाय तपासले, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं, एका रेषेवर चालवलं. नव्या फोटोत तो पांढरा डाग विरळ झालाय. साखर तीन महिने काबूत आहे. हातातलं बोटांचं थोडं फडफडणं राहील कदाचित, दमले की किंवा चिडले की. म्हणजे रोज, असं हे म्हणाले.

गाडी चालवायला आधी मोकळ्या जागी, शेजारी जाणतं माणूस बसवून. मग पुन्हा त्या बघणार, मग लायसनचं ऑफिस बघणार. दुसऱ्यांना शिकवण्याचं इतक्यात बोलायचं नाही. मी म्हटलं, मी बोलत नाही, फक्त फुलवालीला शब्द दिलाय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

जाणतं माणूस कोण, यावर घरात चर्चा झालीच नाही. सूनबाईने कॅलेंडरवर रविवारभोवती गोल केला.

२४ मे

बंद पडलेल्या कारखान्यामागचं मैदान. मीच बायांना पहिल्यांदा तिथे नेते. सूनबाईने पुढे-मागे एल बोर्ड लावले, तेही मुद्दाम मला दिसेल असे, सरळ आहे का असं दोनदा विचारून. मग जाऊन डावीकडे बसली. माझ्या जागेवर. मी स्टिअरिंगवर. हे मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले, हातात छत्री, डोक्यावर टोपी, क्रिकेटची मॅच बघायला आल्यासारखे.

तिने माझ्यासारखीच तिरकी बैठक घेतली. डावा पाय ब्रेकवर. ते पाहून मला राग आला आणि हायसंही वाटलं. मी चावी फिरवली आणि गाडी बंद पडली. अख्ख्या हयातीत हे मी केलं नव्हतं. ती म्हणाली, “गिअर काढला का?” माझंच वाक्य, माझ्याच आवाजात. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या क्लासला हे शिकवतात वाटतं. ती म्हणाली, नाही, हे घरात कानावर पडतं.

दुसऱ्या वेळी गाडी निघाली. गिअर डाव्या हाताने टाकायचा, आणि सगळी गोम त्या हाताचीच. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना बोटं फडफडली, गिअर अडकला, गाडी कण्हली. मला वाटलं आता ब्रेक लागणार. मीच लावला असता. लागला नाही. मी हात उचलला, पुन्हा ठेवला, मूठ घट्ट आवळली आणि गिअर टाकला. गेला. भिंतीपाशी वळले, यांच्या खुर्चीसमोरून गेले. त्यांनी छत्री वर केली.

एक फेरी झाली, दुसरी झाली. बोटं मधूनच फडफडत होती. फडफडू देत, गाडी सरळ चालली होती. मला आतून इतकं बरं वाटत होतं की रडू येईल की काय म्हणून मी तोंड मिटून रस्ता बघत होते, रस्ता नसताना.

तिसऱ्या फेरीला लांबच्या टोकाशी वळताना डावीकडच्या आरशात पाहावं लागलं. सूनबाईच्या चपला खाली पायपुसणीवर होत्या, एकीला दुसरी लागून नीट. ती सीटवर मांडी घालून बसली होती. हात मांडीवर, नजर समोर. माझ्याकडे बघितलंही नाही.

मीही काही बोलले नाही. आरशातून नजर काढली आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली.